ती खात नाही

२०१८च्या सुमारास डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या व्याख्यानांना पुण्यात तोबा गर्दी व्हायची. आमचे हे एक व्याख्यान ऐकून आले आणि दुसऱ्या दिवसापासून घराचं घड्याळ बदललं. दिवसातून दोनदाच जेवायचं, ते पंचावन्न मिनिटांत आटपायचं, मधे फार तर पातळ ताक. म्हणजे ह्यांना भूक लागली की पान वाढलेलं हवं. सासूबाईंचं जेवण त्याप्रमाणे पुढे सरकलं, मुलाचा डबा आदल्या रात्री चिरून ठेवायला लागले, पाहुण्यांनाही फोनवर वेळ सांगितली जायची. कुणाची तक्रार नव्हती. ह्यांची साखर उतरली, सगळीकडे कौतुक झालं, त्यातलं चिमूटभर माझ्याही वाट्याला आलं.

गेल्या वर्षी मी पॅलिओ केलं, तेव्हा घरातलं एक पातेलंसुद्धा जागचं हललं नाही.

पॅलिओ म्हणजे काय ते आता बहुतेकांना माहीत आहे. शेती सुरू होण्याआधीचा माणूस जे खायचा तेवढंच खायचं. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, कंद, बदाम-अक्रोड. धान्य, डाळी, दूध, साखर बाद. १९७५मध्ये वॉल्टर व्होग्टलिन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने यावर पुस्तक काढलं आणि २००२मध्ये लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने ते जगभर नेलं. माझ्यापर्यंत ते हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाचीमार्फत पोचलं. गुडघे कुरकुरत होते, दुपारी चारला डोळे मिटायचे, म्हटलं करून बघू.

पहिला फटका शेंगदाण्याने दिला. शेंगदाणा सुकामेव्यात धरत नाहीत म्हणे, तो डाळीच्या जातीचा! आमचं माहेर साताऱ्याकडचं, कूट नाही अशी भाजी माझ्या हातून होत नाही. कुटाशिवाय काकडीची कोशिंबीर म्हणजे चिरलेली काकडी, ती जेवणाआधी उभ्या उभ्या खाऊन टाकायची. दुसरा फटका वारांचा. सोमवार, गुरुवार, शनिवार आमच्या ओट्यावर अंडंसुद्धा चढत नाही, त्यात मार्गशीर्ष लागलेला. पुस्तकातल्या त्या आदिमानवाला गुरुवार नव्हता. मला होता, आणि सासूबाई हॉलमध्येच बसलेल्या असतात. त्या दिवशी रताळं, सुरण, ओलं खोबरं, परतलेल्या भाज्या. सासूबाई विचारायच्या, "उपास आहे तर साबुदाणा का नाही घेत?" त्यांना समजावणं मी दुसऱ्या गुरुवारी सोडून दिलं.

आणि हे सगळं घरच्यांच्या पोळ्या लाटून झाल्यावर. सकाळी कणीक मळायची, वरणाचा कुकर लावायचा, रात्री विरजण लावायचं, आणि मग स्वतःसाठी वेगळा तवा. ह्यांचं डाएट सबंध घराचं होतं, माझं डाएट म्हणजे बाईचा छंद. ह्यांनी मोडता घातला नाही, हे कबूल करते. पैसेही दिले. पण बदामांचं बिल बघून एकदा "आदिमानवाला परवडायचं बरं का" म्हणाले, ते मी ऐकलं.

गुण आला. दुपारची झापड गेली, पोट फुगणं थांबलं, लग्नातल्या पैठणीचं ब्लाऊज उसवायला टाकायचं होतं ते तसंच अंगात गेलं. संध्याकाळी कमिन्स कॉलेजच्या रस्त्याने चालताना पाऊल हलकं पडायचं. हे खोटं सांगण्यात अर्थ नाही.

मग भोगी आली. "न खाई भोगी तो सदा रोगी" म्हणतात, आणि आमच्याकडे ती साग्रसंगीत असते. मी आठवडाभर आधीच मनाशी ठरवलं होतं की त्या दिवशी खायचं. कुणाला बोलले नाही, बोलण्यासारखं काय होतं त्यात? वन्सं सहकुटुंब जेवायला येणार होत्या. मिसळीची भाजी केली. पावटा, हरभऱ्याचे घाटे, वांगी, गाजर, बोरं, वर तीळकूट. मुगाची खिचडी, लोणी. बाजरीचं पीठ आदल्या दिवशी ताजं दळून आणलेलं. भाकरी थापून वर तीळ पेरायचे, हलक्या हाताने दाबायचे, म्हणजे तव्यावर सुटत नाहीत. तिळाची बाजू खाली आली की असा वास सुटतो की इतक्या दिवसांचा उपाशी जीव तोंडाशी येतो. मी करत होते, मुलगा वाढत होता, बाहेर पंगत रंगली होती. शेवटची भाकरी टम्म फुगली. ती मी माझी म्हणून काढली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि गॅस पुसायला वळले.

तेवढ्यात हे ताटली घेऊन आत आले. "एक राहिलीय ना? भाऊजींना हवीय." मी काही बोलायच्या आत बाहेरून वन्सं म्हणाल्या, "वहिनींना राहू दे की." आणि ह्यांनी लोण्यासकट भाकरी उचलली. "ती खात नाही."

परातीत पीठ संपलं होतं. डब्यातलं काढून परत मळता आलं असतं, दहा मिनिटांचं काम. नाही मळलं. बाहेर जाऊन "मला हवी होती" म्हणता आलं असतं, तेही नाही म्हटलं. रात्री ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग बोलायचंस ना!" बरोबरच आहे. ह्यांच्या पंचावन्न मिनिटांबद्दल मला कोणी बोलायला लावलं होतं?

भाचीशी मी नंतर वाद घातला, तो बहुधा त्या भाकरीच्या रागाने. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तिथे तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं जव पिकवून खात होती. ती म्हणाली, "मावशी, तीन हजार म्हणजे काल." मग मी जॉर्डन काढलं. तिथे सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीच्या चुलीत पावाचे जळके तुकडे सापडले, म्हणजे शेतीच्या कितीतरी आधी माणूस रानातलं धान्य कुटून भाजत होता. शिवाय मोठेपणी दूध पचवण्याची ताकद कित्येक जमातींत गुरं पाळायला लागल्यावरच आली. तेव्हा शरीर अश्मयुगातच अडकलंय हे काही मला पटत नाही.

आम्ही राहतो ते कर्वेनगर म्हणजे पूर्वीचं हिंगणे बुद्रुक. अण्णासाहेब कर्व्यांनी १९००मध्ये विधवांचा आश्रम इथे आणला. तेव्हा विधवेने काय खायचं, किती वेळा खायचं हे दुसरेच ठरवायचे. आज त्याच हिंगण्यात आम्ही हौसेने स्वतःला बंधनं घालून घेतो. तुलना बरोबर नाही, आमच्यावर सक्ती नाही, पाहिजे तेव्हा सोडू शकतो. पण बाईने एकदा "खात नाही" म्हटलं की तिच्या पानात काही वाढायला कोणी उठत नाही, एवढं त्यातलं मला ओळखीचं वाटलं.

संक्रांतीपासून मी पुन्हा सगळं खाते. वजन थोडं परत आलंय, दुपारची झापडही. उन्हाळ्यात परत पॅलिओ करावं म्हणते, कारण बरं वाटत होतं हे खरंच आहे. मात्र या वेळी दोन गोष्टी आधी करणार, आणि पन्नाशीजवळच्या बायकांनाही तेच सांगेन. दूध आणि नाचणी एकदम सोडायच्या आधी डॉक्टरांना भेटून कॅल्शियमचं विचारून घ्या. आणि घरच्या पोळ्या कोण लाटणार, ते सगळ्यांना समोर बसवून ठरवून घ्या.