ईएल ३४ ची जोडी

१४ जून

भाच्याचा मार्शल दुपारी आला. गिटारच्या अ‍ॅम्पचा हेड, जेसीएम ८०० मालिकेतला, ५० वॅटचा, मॉडेल २२०४. जर्मनीहून कायमचे परतलेल्या एका गृहस्थांकडून त्यानं तो घेतलाय. तक्रार अशी, की थोडा वेळ छान वाजतो, मग आवाज बसतो, खर्ज सैल पडतो आणि हम वाढते.

आधी कॅबिनेट जोडलं. स्पीकर नसताना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प वाजवायचा नाही, हे त्याला पुन्हा बजावलं. लोड नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज इतकं उसळतं की वाइंडिंगचं इन्शुलेशन फाटतं. व्हॉल्व्ह बाजारात मिळतात, त्या काळचा ट्रान्सफॉर्मर सहजी मिळत नाही.

मागची जाळी काढली आणि खोलीतले दिवे घालवले. दोन्ही पॉवर व्हॉल्व्हचे, म्हणजे ईएल ३४ चे, हीटर केशरी उजळले, ते ठीकच. काही मिनिटांनी डावीकडच्या व्हॉल्व्हच्या करड्या प्लेटवर, शिवणीच्या कडेला, मळकट लाल डाग उमटला. आधी नखाएवढा होता, बघता बघता वर-खाली पसरत गेला. भाचा मात्र दुसऱ्याच व्हॉल्व्हकडे बोट दाखवत होता, कारण त्याच्या काचेला आतून निळी झाक दिसत होती. ती निरुपद्रवी. भरकटलेले इलेक्ट्रॉन काचेवर आदळले की काच तशी चमकते, चांगल्या व्हॉल्व्हमध्येही. जांभळट उजेड प्लेटच्या आसपास पोकळीत पसरलेला दिसला तर व्हॅक्यूम बिघडलं असं समजायचं. आज काळजी त्या लाल डागाची होती. लगेच बंद केला.

"मामा, नवे व्हॉल्व्ह मागवून टाकू का आजच?"

नको म्हटलं. प्लेट का लाल झाली हे कळल्याशिवाय नवी जोडी घालणं म्हणजे तिलाही त्याच आगीत लोटणं.

१५ जून

सकाळी चॅसी बाहेर काढली. फिल्टर कंडेन्सर रेझिस्टन्स लावून रिकामे केले आणि मीटरवर शून्य बघितल्यावरच हात घातला. अ‍ॅम्प बंद करून प्लग काढला तरी या कंडेन्सरांत चारशेवर व्होल्ट राहू शकतात. भाच्याला शेजारी बसवून हे दाखवलं, कारण हा माणूस उद्या एकट्यानं स्क्रू काढायला बसेल.

पहिली तपासणी सोपी. दोन व्हॉल्व्हची जागा आपसात बदलायची. लाली व्हॉल्व्हबरोबर गेली तर दोष व्हॉल्व्हचा, सॉकेटपाशीच राहिली तर दोष अ‍ॅम्पचा: गळका कपलिंग कंडेन्सर, सैल पिन किंवा ग्रिडपर्यंत न पोचणारा बायस, म्हणजे ग्रिडवरचं उणे व्होल्टेज. इथं लाली व्हॉल्व्हबरोबर उजवीकडे गेली. म्हणजे व्हॉल्व्ह गेला. पण तो का गेला, हा प्रश्न उरलाच.

मग मीटर भिंतीच्या सॉकेटला लावला. २४४ व्होल्ट. आमच्या भागात रात्री उशिरा याहून वर जातं. आता हीटरच्या पिना बघितल्या, २ आणि ७ नंबरच्या. हवेत ६.३ व्होल्ट, सोसतात दहा टक्के इकडेतिकडे, म्हणजे जास्तीत जास्त ६.९. मीटर ६.९८ दाखवत होता. प्लेटवर ४६८.

उत्तर ट्रान्सफॉर्मरच्या तारांतच होतं. मेनची जोडणी २२० च्या टॅपवर होती. हा अ‍ॅम्प जर्मनीत नांदलेला, आणि तिथं त्या वेळी २२० व्होल्ट असायचे. इंग्लंडमध्ये २४०, म्हणून मार्शलच्या ट्रान्सफॉर्मरला दोन्ही टॅप. पुण्यात आल्यापासून हा बिचारा अकरा टक्के जादा खात होता, हीटरपासून प्लेटपर्यंत सगळीकडे.

तार २४० च्या टॅपवर सोल्डर केली. हीटर ६.४ वर आला, प्लेट ४३० च्या आसपास. एवढ्या एका तारेनं नव्या जोडीचं आयुष्य किती वाढेल ते आकड्यात सांगता येणार नाही, पण परदेशातून आलेला कुठलाही व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असो, व्हॉल्व्हच्या किमती विचारण्याआधी हे बघावं असं मी कळकळीनं सांगेन.

१७ जून

पासोड्या विठोबापाशी चक्कर. छोटा मल्टिमीटर, एक ओहमचे एक टक्क्याचे रेझिस्टन्स, बायससाठी दोन लहान कंडेन्सर घेतले. एका जुन्या दुकानात काकांनी वरच्या फळीवरून पुठ्ठ्याचा खोका काढून दिला. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ईसीसी ८३, कधीच न वापरलेले. आपल्याकडच्या कितीतरी घरातले रेडिओ बीईएलच्या व्हॉल्व्हवर वाजले. हे प्रीअ‍ॅम्पचे, मला पॉवरचे हवे होते. ईएल ३४ त्यांच्याकडे नव्हता. तरी दोन ईसीसी ८३ घेतले. प्रीअ‍ॅम्पच्या व्हॉल्व्हला वीज थोडी लागते, ते वर्षानुवर्षं टिकतात आणि त्यांना बायस लावायची गरज नसते. जुना माल घ्यायचाच तर इथं घ्यावा.

१८ जून

भाच्याचा फोन, मोठा. त्याच्या बँडमधला कोणीतरी सांगतोय की ६५५० घाल, आवाज 'टाइट' होतो. दुसरा म्हणतो ६एल६.

दोघांचंही म्हणणं निराधार नाही. जिम मार्शलनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या हॅनवेलमधल्या दुकानात पहिला अ‍ॅम्प करवून घेतला तो फेंडर बासमनचं सर्किट समोर ठेवून. त्यात अमेरिकी ५८८१ होते, म्हणजे ६एल६ च्याच घराण्यातले. मग केटी ६६ आले आणि नंतर ईएल ३४. पुढे अमेरिकेला जाणाऱ्या मार्शलमध्ये ६५५० बसवून जायचे. १९९० च्या दशकात चांगल्या ईएल ३४ ची टंचाई झाली तेव्हा कंपनीनं स्वतःच काही अ‍ॅम्पमध्ये ५८८१ घातले. म्हणजे या घरात बाकीचे पाहुणे येऊन गेलेत.

पण प्रत्येक वेळी आतली जोडणी बदलली होती, हे सांगणारे विसरतात. चारही व्हॉल्व्ह त्याच आठ पिनांच्या सॉकेटमध्ये जातात, त्यामुळे बसला म्हणजे चालेल असं वाटतं. ६५५० ला ग्रिडवर अधिक उणे व्होल्टेज लागतं. ईएल ३४ च्या बायसवर तो घातला तर भसाभस करंट ओढेल. उलट दिशेला, ६एल६ साठी बनवलेल्या अ‍ॅम्पमध्ये ईएल ३४ घालायचा तर १ नंबरची पिन ८ ला जोडलेली आहे का ते बघावं लागतं, कारण ईएल ३४ चा सप्रेसर ग्रिड त्या १ वर येतो. शिवाय त्याचा हीटर १.५ अँपिअर घेतो, ६एल६जीसी चा ०.९ घेतो. दोन व्हॉल्व्हचा फरक सव्वा अँपिअरच्या जवळ गेला की लहान ट्रान्सफॉर्मर तापतो. सगळ्यात अवघड ६व्ही६ चं प्रकरण. तो ०.४५ वर भागवतो आणि ज्या फेंडर डिलक्स रिव्हर्बमध्ये असतो तिथला ट्रान्सफॉर्मर त्याच हिशेबानं बांधलेला असतो. त्यात ६एल६ खोचणारे लोक मी पाहिलेत. करू नये.

आवाजाचं म्हणाल तर ६एल६ चा खर्ज रुंद, वरचे सूर स्वच्छ, आणि जोर लावला तरी तो बराच वेळ सभ्य राहतो. ६५५० त्याहून कडक. ईएल ३४ चा जीव मधल्या सुरात आहे. स्वर दाबून धरला की तो किंचित कुरकुरतो आणि मग गातो. हार्ड रॉकची गिटार कान ज्या आवाजावरून ओळखतात तो हाच. भाच्याला विचारलं, तुला मार्शल कशासाठी हवा होता? "त्याच आवाजासाठी, मामा." मग ईएल ३४ च.

२१ जून

पालख्या शहरात मुक्कामाला. रस्ते बंद, टाळ-मृदंग खिडकीपर्यंत ऐकू येतोय. घरीच बसून कुठली जोडी घ्यायची ते ठरवलं.

बाजारात ईएल ३४ वर नावं खूप दिसतात, कारखाने मात्र बोटांवर मोजण्याइतके. स्लोव्हाकियातल्या चाद्‌त्सा गावी जेजे इलेक्ट्रॉनिक. रशियात सारातोवचा कारखाना, जो इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या माइक मॅथ्यूजच्या कंपनीकडे आहे. तिथूनच सोवटेक, टंग-सोल आणि आजचा मलार्डही निघतो. चीनमध्ये चांगशाच्या शुगुआंगनं वर्षानुवर्षं जगाला माल पुरवला, आता प्सव्हेन वगैरे आहेत. इंग्लंडच्या ब्लॅकबर्नमध्ये जो मलार्ड बनायचा त्याचा आजच्या खोक्यावरच्या नावाशी संबंध छापण्याच्या हक्कापुरता. २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर सारातोवचा माल काही काळ अडकला आणि सगळीकडे किमती चढल्या, तेव्हा हे किती थोड्या भट्ट्यांवर चाललंय ते लोकांच्या लक्षात आलं.

जुना ब्लॅकबर्नचा मलार्ड किंवा पूर्व जर्मनीचा आरएफटी यांच्याबद्दल मला आदर आहे. बांधणी अप्रतिम. पण जो अ‍ॅम्प टेंपोत चढतो-उतरतो, जनरेटरवर चालतो, त्यात तेवढे पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत. पॉवर व्हॉल्व्ह झिजण्यासाठीच असतो. तेवढ्या पैशात नव्या ईएल ३४ च्या बऱ्याच जोड्या येतात, आणि जुन्याच्या नावाखाली पुसून पुन्हा छापलेला मालही गळ्यात पडू शकतो. काचेवरची शाई बोटानं पुसली जाते. आतली बांधणी ओळखता येत असेल त्यानंच त्या वाटेला जावं.

जेजेची जोडी मागवली. एकच अट घातली, की दोन्ही व्हॉल्व्ह मोजून जुळवलेले हवेत आणि प्रत्येकाचा करंट खोक्यावर लिहिलेला हवा. पुश-पुलमध्ये दोघांचे स्थिर करंट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात एकमेकांना तोडतात. एक जास्त ओढू लागला की गाभा एका बाजूला भरतो, खर्ज पातळ होतो, हम वाढते. महागडं नाव आणि न जुळलेली जोडी यापेक्षा साधं नाव आणि जुळलेली जोडी केव्हाही बरी.

२९ जून

पार्सल आलं. खोक्यांवर ३५ आणि ३६ मिलिअँपिअर. उत्तम. काचेत वरचा चंदेरी थर दाट, कडा स्वच्छ. हा बेरियमचा थर उरलीसुरली हवा शोषून घेतो. तो पांढरा पडलेला दिसला तर व्हॉल्व्हला चीर गेली, न लावताच परत करायचा. हलकेच हलवून पाहिले, आत काही खुळखुळत नाही.

व्हॉल्व्ह लावण्याआधी सॉकेट साफ केले, पिनांची पकड टोकदार पोगरानं घट्ट केली. स्क्रीन ग्रिडचे रेझिस्टन्स मोजले. एक हजार ओहमच्या जागी एकाचा जवळजवळ चौदाशे झालेला, दोन्ही बदलले. बायसचे कंडेन्सर अ‍ॅम्पइतकेच जुने होते. ते सुकले तर उणे व्होल्टेज ढासळतं आणि नवी जोडी एका संध्याकाळीत लाल होते, म्हणून तेही बदलले. कॅथोड आणि जमिनीच्या मध्ये एकेक ओहम घातला. आता मीटरवर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर.

३० जून

बायसचा पॉट आधी सर्वांत उणे टोकाला नेला आणि मगच चालू केलं. ईएल ३४ ची प्लेट २५ वॅट उष्णता सोसते. आवाजाच्या वॅटशी याचा घोळ घालायचा नाही. स्थिर स्थितीत तिच्या सत्तर टक्क्यांवर जायचं नाही असा रिवाज आहे, म्हणजे साडेसतरा वॅट. ४३० व्होल्टवर तो आकडा येतो साधारण ४१ मिलिअँपिअर, प्लेटपुरता. कॅथोडच्या मीटरमध्ये स्क्रीनचा करंटही मिसळलेला असतो, तो वजा करायचा.

रिवाज ही कमाल मर्यादा आहे. तिथं पोचायलाच हवं असं नाही. म्हणून भाच्याला गिटार घेऊन बसवलं आणि पॉट हळूहळू फिरवला. २५ ला आवाज किरकिरा, सूर विझताना काठावर खरखर. बायस थंड असला की दोन व्हॉल्व्हच्या पाळीत फट पडते, ती ही. ३० ला खरखर गेली. ३६ ला स्वर भरला, ई ची जाड तार मारल्यावर मागून धक्का आला. ४१ ला नेलं तेव्हा तो म्हणाला, "फरक नाही कळत." मलाही कळला नाही. मग उगाच उष्णता कशाला? ३६ वर आणून ठेवलं. मीटर ४० दाखवतो, त्यातले चारेक स्क्रीनचे. प्लेटवर साडेपंधरा वॅट, ग्रिडवर उणे ३८ च्या जवळपास.

अर्धा तास तसाच चालू ठेवून पुन्हा मोजलं. एक ४१, दुसरा ४०. दिवे घालवून बघितलं. प्लेटा करड्याच. मग त्यानं आवाज वाढवला आणि खिडकीच्या काचा थरथरू लागल्या, तेव्हा खालच्या आजींचा फोन येण्याआधी थांबलो. मधल्या सुरातली ती ओली, दाणेदार गुरगुर आता शेवटच्या तारेपर्यंत टिकते. बदललेल्या टॅपमुळे आवाज थोडा मऊ होईल अशी त्याला धास्ती होती. झाला नाही.

४ जुलै

भाचा हेड घेऊन गेला. पुढच्या महिन्यात गोव्यात कार्यक्रम आहेत. चॅसीच्या आत चिकटपट्टीवर लिहून ठेवलंय: तारीख, भिंतीचं व्होल्टेज, प्लेटचं, दोन्ही व्हॉल्व्हचे करंट. बाहेर, फ्यूजजवळ, ठळक अक्षरात: मागे छापलाय त्याच मापाचा फ्यूज, मोठा नाही. एचटीचा, म्हणजे प्लेटच्या वरच्या व्होल्टेजचा, फ्यूज उडाला तर व्हॉल्व्ह बदलून पाहायचा. मोठा फ्यूज घालून कार्यक्रम उरकला तर बिल ट्रान्सफॉर्मर भरतो.

जुन्या जोडीतला शाबूत व्हॉल्व्ह त्याला सुटा हवा होता, अडीअडचणीला. दिला नाही. नव्याशेजारी झिजलेला बसवला की जुळणीचा अर्थच उरत नाही. त्याऐवजी जुळलेली दुसरी जोडी मागवलीय. ती इथं याच अ‍ॅम्पवर मोजून, तिचा बायसचा आकडा खोक्यावर लिहून, मगच गोव्याला जाईल. त्यानं विचारलं की पुन्हा कधी बदलायची. महिने मोजून सांगता येत नाही, रोज वाजवणाऱ्याची वर्षभरात जाईल, कधीमधी वाजवणाऱ्याची कितीतरी जास्त टिकेल. दौरा संपला की हेड घेऊन ये म्हटलं. पट्टीवरच्या आकड्यांशी ताडून बघू, आणि दोघांत पाचाहून अधिक मिलिअँपिअरचं अंतर पडलं असेल तर बदलू.