अम्मींचं सिमकार्ड

उमराहची तयारी सुरू झाली की घरात याद्या होतात. एहरामचे कपडे, चपलांची पिशवी, बिनवासाचा साबण, बीपीच्या गोळ्या, दुआंची किताब. आमच्या नरपडच्या घरीही अशी यादी फ्रिजवर चिकटवली होती. तिच्यात सर्वांत शेवटी मी लिहिलं होतं, ‘सिम – एक’. त्या ‘एक’बद्दल आज लिहायचं आहे.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं गेलो. मी, हे आणि अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई. वय 71. घरी बारावीतली मुलगी, आणि तिच्या सोबतीला माझे अब्बा. अब्बांच्या हृदयात उन्हाळ्यातच स्टेंट बसवलेला, त्यामुळे माझा जीव अर्धा मक्केत आणि अर्धा नरपडमध्ये. घराशी बोलता यावं म्हणून एक सिम घ्यायचं, बाकी हॉटेलचं वायफाय आहेच, असा माझा हिशेब. एका रियालचे तेव्हा 22-23 रुपये होत होते. तीन सिमांच्या पैशांत घरच्यांसाठी खजूर येतील, असं मी यांना सांगितलं. यांनी एकदा विचारलं, “अम्मींना?” मी म्हटलं, “त्यांना कशाला? त्या माझ्याजवळच असणार ना. आणि त्यांना फोन कळतो कुठे!”

जेद्दाहच्या विमानतळावर बाहेर पडलं की सिमवाल्यांचे काउंटर दिसतात. एसटीसी, मोबायली, झैन ही तिकडची मोठी नावं. पासपोर्ट दाखवायचा, व्हिसाची नोंद बघतात आणि मग बोटाचा ठसा घेतात. 2016 मध्ये सौदीत सिमसाठी ठसा सक्तीचा झाला. माझा ठसा पहिल्या फटक्यात लागला, दहा मिनिटांत काम झालं.

तिसऱ्या दिवशी इशाची नमाज झाली. मी अम्मींना एका खांबाजवळ बसवलं आणि वुजू करून येते म्हणून गेले. परत आले तर वाट बंद. नमाजनंतर गर्दी वळवण्यासाठी अडथळे लावतात आणि सगळ्यांना दुसरीकडून सोडतात. मी लांबून फिरून आले, तर कोणता खांब तेच कळेना. हरममध्ये सगळे खांब सारखेच. ज्याला मी ‘तो’ खांब समजले, तिथे इंडोनेशियाच्या बायका बसल्या होत्या. अम्मी नव्हत्या.

यांना फोन लावावा, तर यांच्या मोबाईलमध्ये भारतातलंच सिम, रोमिंग सुरू न केलेलं. हे पुरुषांच्या भागात. अम्मींच्या फोनचीही तीच गत. नातवाने जुना दिलेला स्मार्टफोन त्यांच्या पर्समध्ये होता, पण फोटो बघण्यापलीकडे तिथे त्याचा उपयोग शून्य. म्हणजे हातात चालू फोन असलेली मी एकटी, आणि माझा फोन घेणारं कुणीच नाही. एका सिमचा हिशेब तिथे मला कळला. फोन ही दोन टोकांची वस्तू आहे, एवढी साधी गोष्ट बीएड झालेल्या बाईच्या डोक्यात आली नव्हती.

पन्नास मिनिटं गेली. मी काय काय विचार केले ते लिहीत नाही. गेटवर उभ्या असलेल्या बाईंना मोडक्यातोडक्या अरबीत समजावत होते, तेवढ्यात मोबाईल वाजला. मुलीचा मेसेज. “अम्मी, दादी क्लॉक टॉवरच्या समोर आहेत. किंग अब्दुल अझीझ गेट. एका भावाच्या शेजारी बसल्यात. हलू नका सांगितलंय. तू जा.”

झालं होतं असं. गर्दीबरोबर अम्मी बाहेर आल्या आणि तिथल्या एका बांगलादेशी सफाई कामगाराला त्यांनी उर्दूत सांगितलं की मी चुकले आहे. त्याने खिशातून स्वतःचा फोन काढला आणि नंबर विचारला. अम्मींनी पोरीचा नंबर धडाधडा सांगितला. नरपडला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते, आपण सौदीच्या अडीच तास पुढे आहोत. पोरगी अभ्यास करत बसलेली. 966 ने सुरू होणारा अनोळखी नंबर बघून तिने पहिल्यांदा उचललाच नाही. परदेशी नंबर उचलू नका, फसवणूक होते, हे शाळेत मीच मुलांना सांगते आणि घरीही. त्या भल्या माणसाने दुसऱ्यांदा लावला म्हणून बरं. मक्केतला निरोप असा नरपडला जाऊन पुन्हा मक्केत आला.

अम्मींना नंबर पाठ कसा होता? आम्ही निघायच्या आधी आठवडाभर पोरीने ओसरीत बसून दादीकडून तो घोकून घेतला होता, पाढ्यांसारखा. “दादी, एवढा एकच पाठ करा.” मी ते ऐकत होते आणि हसतही होते. वीस वर्षं मुलांकडून पाठांतर करून घेणाऱ्या मला ते सुचलं नव्हतं.

त्या रात्री अम्मी मला एक शब्दही बोलल्या नाहीत. हॉटेलवर आल्यावर मात्र म्हणाल्या, “बेटा, माझं पण कार्ड घे उद्या.”

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर नवीच अडचण. अम्मींचा ठसा लागेना. उजवा अंगठा, डावा अंगठा, बाकीची बोटं, पुसून, ओली करून, सगळं झालं. चाळीस वर्षं ज्या हातांनी चिकू पुसले, निवडले, खोक्यात भरले, त्या हातांच्या रेषा उरल्यात कुठे? आमच्या भागातल्या किती तरी बायकांचं हे असंच आहे. रेशनच्या दुकानात मशीन नाही म्हणतं, तेव्हा दुकानदार ओळखीचा असतो. तिथे ओळखीचं कोण? अम्मी बोटांकडे बघत राहिल्या. शेवटी दुसरं सिम माझ्याच पासपोर्टवर, माझ्या ठशाने घेतलं. आपल्या नावावरच्या सिमची जबाबदारी आपली, म्हणून ते घरच्या माणसासाठीच घ्यावं. पण घ्यावं.

जाणाऱ्यांनी मला विचारलं तर आता मी एवढं सांगते. भारतातलं सिम काढून फेकू नका. निघण्याआधी इथेच त्याचं आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, कारण बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येणार. मेसेज येण्याला सहसा पैसे पडत नाहीत. इंटरनेट मात्र त्या सिमवरचं बंद ठेवा, नाहीतर पॅक नसताना बिल भरता भरता नाकी नऊ येतात. दोन सिमांचा फोन असेल तर सोपं. नसेल तर जुनं सिम पासपोर्टच्या कव्हरला आतून चिकटपट्टीने लावा आणि ती बारीक पिनही सोबत घ्या. आमच्या ग्रुपमधल्या एका भावाने सिम खिशात ठेवलं, एहराम बदलताना गेलं ते गेलंच.

व्हॉट्सॲप नंबर बदलायचा का म्हणून विचारेल. नाही म्हणा. सिम सौदीचं असूनही आमचं व्हॉट्सॲप जुन्या नंबरावरच चालू राहिलं. हल्ली भारतातूनच ई-सिम घेऊन जाता येतं, ठशाची भानगड नसते. पण त्यातली बरीचशी फक्त इंटरनेटपुरती असतात, त्यांना फोननंबर नसतो, हे आधी विचारून घ्या. मदिनेत रौजा शरीफमध्ये नमाज पढायची तर नुसुक ॲपवर वेळ घ्यावी लागते, तेव्हा इंटरनेट ही चैन राहत नाही. हजला जाणाऱ्यांसाठी आपल्या सरकारने 2024 मध्ये हज सुविधा ॲप काढलंय, तेही फोनमध्येच. आणि मक्का भागात संकटाला 911 हा नंबर.

माझे नाना बोटीने हजला गेले होते. मुंबईच्या मुसाफिरखान्यात मुक्काम, मग जहाज. 1995 नंतर ती जहाजं बंद झाली. नानांचं जेद्दाहून पाठवलेलं पत्र घरी आलं ते ते परत यायच्या थोडंच आधी, असं आई सांगायची. तोवर नानीने काळजी करायची नाही तर काय करायचं? लोक म्हणतात तेव्हा इबादतीत मन लागत होतं, आता सगळे फोनमध्ये. तवाफ करताना व्हिडिओ कॉल लावणारे मीही पाहिले आणि मलाही ते आवडलं नाही. पण अब्बांनी रोज सकाळी “गोळी घेतली” एवढे दोनच शब्द पाठवले की माझी पुढची नमाज शांत व्हायची, हेही खरं आहे.

आणि अम्मी! ‘फोन कळत नाही’ म्हणणाऱ्या माझी दोन दिवसांत जिरली. व्हॉइस मेसेज कसा पाठवायचा हे त्यांना एकदाच दाखवावं लागलं. मग तलासरीच्या बहिणीला, उंबरगावच्या भाचीला, वाडीत सोबत काम केलेल्या बायकांना, नाव घेऊन घेऊन प्रत्येकीला, “तुझ्यासाठी दुआ केली गं, आत्ता केली.” काबा समोर दिसेल अशा जागी बसायच्या आणि पर्समधून चष्म्याआधी फोन काढायच्या. नेट माझ्यापेक्षा त्यांचंच आधी संपलं. मीच रिचार्ज केलं, खजुराच्या पैशांतून.

ते सिम आता बंद पडलंय. अम्मींनी ते फेकलेलं नाही, पानाच्या डब्यात सुपारीच्या कप्प्यात ठेवलंय. हल्ली त्या दुसरा नंबर पाठ करतायत. माझा.