वाळवंट झाडणारे हात

आषाढी एकादशीचे पंढरपूर म्हटले, की टाळ-मृदंगाचा गजर, पताकांची दाटी आणि नामदेवाच्या पायरीशी नमलेली असंख्य मस्तके डोळ्यांपुढे उभी राहतात. या चित्राला एक दुसरी बाजूही आहे. गावाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसे काही दिवसांत तेथे उतरतात. त्यांना पाणी कोण पुरवणार, आजाऱ्यांची विचारपूस कोण करणार आणि मागे उरलेली घाण कोण उचलणार? विसाव्या शतकाच्या मध्यास पंढरपूरची नगरपालिका दरवर्षी या प्रश्नांना सामोरी जात असे.

सर्वांत मोठे भय पटकीचे होते. आषाढात चंद्रभागेला गढूळ पाणी येते. त्याच पाण्यात स्नान, त्याच्याच काठी शौच आणि तेच पाणी तीर्थ म्हणून प्राशन करायचे. पटकीच्या जंतूंना याहून सोयीचा मार्ग कोणता? यात्रेत लागण झालेला माणूस रोग घेऊन घरी परते आणि वाटेवरची गावे साथीत सापडत. म्हणूनच पंढरपूरचे आरोग्य ही केवळ पंढरपूरची बाब नव्हती. वारकऱ्यांना लस टोचणे, विहिरींत जंतुनाशक पूड टाकणे, उघड्यावरच्या खाद्यपदार्थांवर नजर ठेवणे ही कामे गाजावाजा न होता चालत. सुईला भिणाऱ्यांची समजूत घालणे हे तर लस टोचण्याइतकेच कठीण होते.

समाजाने टाकलेल्यांनाही या गावाने आसरा दिला. विधवांच्या वाट्याला येणारी लोकनिंदा आणि तीपायी होणाऱ्या बालहत्या पाहून लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ मध्ये येथे बालकाश्रम सुरू केला. प्रार्थना समाजाने तो पुढे चालवला. ज्यांना कोणी आपले म्हणत नव्हते, अशी अनेक मुले तेथे वाढली.

परंतु याच गावात काही माणसे डोक्यावर मैल्याची टोपली घेऊन पहाटे घरोघर फिरत. बंदिस्त गटारे नव्हती. संडास टोपल्यांचे होते. यात्रा पांगल्यावर नदीचे वाळवंटही याच माणसांनी स्वच्छ करायचे. साथ रोखण्याच्या कामात लशीइतकाच त्यांच्या झाडूचा वाटा होता. मात्र लस टोचणाऱ्याला मिळणारा मान झाडूवाल्याला कधी मिळाला नाही.

मंदिराच्या महाद्वारासमोर चोखामेळ्याची समाधी आहे. आत प्रवेश नसलेला हा संत शतकानुशतके दाराबाहेरच राहिला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केले आणि विठ्ठलाचे दार सर्वांसाठी उघडले. दार उघडले, तरी डोक्यावरची टोपली उतरली नाही. मुंबई सरकारने १९४९ मध्ये सफाई कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी बर्वे समिती नेमली. गाडगे महाराज १९५६ मध्ये निवर्तले. तोवर स्वतः झाडू हाती घेऊन त्यांनी हे काम हीन नसल्याचे लोकांना दाखवून दिले होते. तरीही हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा कायदा देशात १९९३ मध्ये झाला आणि तो अपुरा पडल्याने २०१३ मध्ये दुसरा करावा लागला. एका टोपलीला खाली उतरायला किती काळ लागावा!

वारीत वय, जात, प्रतिष्ठा न पाहता माणसे एकमेकांच्या पाया पडतात. समतेची इतकी साधी आणि इतकी सुंदर रीत क्वचितच आढळेल. ती रीत एकादशीपुरती राहू नये. द्वादशीनंतर, भक्तांची गर्दी ओसरल्यावर, वाळवंट झाडायला जो उतरतो त्याच्यापर्यंतही तो नमस्कार पोहोचला पाहिजे. मात्र नुसते हात जोडून तो पोहोचणार नाही. योग्य वेतन, सुरक्षित साधने, पुरेशी शौचालये आणि त्याच्या मुलांना दुसरे काम निवडता येईल असे शिक्षण यांच्या रूपानेच तो त्याच्यापर्यंत जाईल.