मांसाचे ओझे आणि नकाशावरचे वर्तुळ

अलास्कातील मूसच्या शिकारमोहिमेची आखणी करणाऱ्याला बंदूक, तंबू, शिधा आणि परवाने यांचे प्रश्न काही हंगामांनंतर अडवीत नाहीत. जो प्रश्न आयुष्यभर सुटत नाही, तो गोळी लागल्यानंतरचा असतो. मूस हा हरणांच्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी असून अलास्कातील पूर्ण वाढीच्या नराचे वजन सातशे किलोंच्या पुढे जाऊ शकते. अशा नराचे खाण्याजोगे मांस सुमारे 225 किलो भरते, ते वाया घालवणे हा तेथे गंभीर गुन्हा आहे, काही विभागांत ते हाडासकटच बाहेर आणावे लागते, आणि मांस निघण्यापूर्वी शिंगे जागेवरून हलवता येत नाहीत. म्हणून ही आखणी शेवटाकडून आरंभाकडे करावी लागते: मांस विमानात कोठून चढेल हे आधी ठरते, त्यावरून तळ ठरतो, आणि शिकारी कोठे बसेल हे सर्वांत शेवटी.

विमान ज्या तळ्यावर उतरते, त्याच्याभोवती नकाशावर एक वर्तुळ काढतात आणि त्या वर्तुळाबाहेरच्या जनावरावर गोळी झाडायची नाही असे ठरवतात. या वर्तुळाची त्रिज्या किती असावी, हाच प्रस्तुत लेखकाच्या व्यवसायातील न सुटलेला प्रश्न आहे. हाडे आणि शिंगे धरून एकट्या माणसाला नऊ खेपा लागतात असे मानले, तर दोन किलोमीटर अंतरासाठी सतरा वेळा तीच वाट तुडवावी लागते, म्हणजे चौतीस किलोमीटर चालावे लागते, आणि त्यांतले अठरा पाठीवर ओझे घेऊन. एवढा हिशेब कोणीही करू शकतो. परंतु नकाशावर जो भाग सपाट आणि म्हणून सोपा दिसतो, तोच बहुधा टसॉकचा असतो, आणि टसॉक म्हणजे दलदलीतील गवताचे, पाय ठेवताच कलणारे उंच गड्डे, ज्यांच्यावर चालता येत नाही आणि ज्यांच्यामधूनही चालता येत नाही. तेथे एक किलोमीटर हे अंतराचे माप उरत नाही.

या वर्तुळाला खरा धोका शिकाऱ्याच्या हावेपेक्षा बोलावण्याच्या कौशल्यातून येतो. मराठी वाचकाच्या ओळखीचे शिकारीचे शब्द, म्हणजे मचाण, हाका, रान उठवणे, हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापूर्वीच्या भारतातले आहेत, आणि त्यांत माणसे जनावराला बंदुकीकडे हाकत आणतात. अलास्कात मात्र सप्टेंबरच्या उत्तरार्धात, नर माजावर येत असताना, त्याला बोलवावे लागते. भूर्जाच्या सालीच्या कर्ण्यातून मादीचा लांबट हुंकार काढतात, किंवा फऱ्याचे वाळलेले हाड झुडपावर घासून प्रतिस्पर्धी नराच्या शिंगांचा आवाज करतात. नर बऱ्याच दूरून येतो, परंतु अनेकदा तो दलदलीच्या पलीकडल्या कडेला, वर्तुळाच्या नेमका बाहेर येऊन थबकतो आणि तेथेच उत्तरे देत उभा राहतो. दोनशे मीटर पुढे सरकून बोलावले तर तो येईलही. मात्र मग वर्तुळही दोनशे मीटर पुढे सरकलेले असते.

अलास्कातील कोयुकुक नदीच्या एका मोठ्या पट्ट्यात मूसच्या शिकारीसाठी विमान वापरण्यास बंदी आहे आणि तेथे होडीनेच जावे लागते. त्या खोऱ्यातील कोयुकॉन लोक नदीकाठ सोडून फारसे आत शिरत नाहीत, आणि प्रस्तुत लेखकाने ही त्यांची सावधगिरी दीर्घकाळ आळस समजली. आजचे अनेक नियोजक उपग्रहचित्रे दाखवून तळी विकतात, दूर पल्ल्याच्या बंदुकांची भलामण करतात आणि शिंगांच्या विस्ताराचे आकडे जाहिरातीत छापतात, पण मांसाच्या खेपांचा आकडा छापत नाहीत. सहाशे मीटरवरून मारलेले जनावर सहाशे मीटर अधिक दूर पडते, ही साधी गोष्ट ग्राहकाला न सांगणे हा धंद्याचा ऱ्हास आहे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

तथापि त्याचे स्वतःचे वर्तुळ तीन किलोमीटरचे होते. हाडासकट मागचा पाय, म्हणजे पन्नास किलोंहून जड ओझे, एका खेपेत तळापर्यंत आणण्याचा त्याला अभिमान होता, आणि ती त्रिज्या त्याने ग्राहकाच्या खांद्यांकडे न पाहता स्वतःच्या खांद्यांवरून ठरवली होती. एका उबदार सप्टेंबरमध्ये शेवटची खेप तिसऱ्या दिवशी पोचली, तेव्हा मांडीच्या हाडालगतचे मांस आंबले होते, कारण एवढ्या जाड मांसातली ऊब आतून लवकर निघत नाही. त्याने ग्राहकाला हवामानाचे कारण सांगितले. ते कारण खोटे होते. मांस त्याच्या त्रिज्येने नासले होते.

आता त्याच्या उजव्या गुडघ्याला ओझे सोसत नाही आणि वर्तुळ त्याची शिष्या आखते. तिने ते एक किलोमीटरचे केले, आणि टसॉकच्या बाजूला त्याहूनही आत ओढले, त्यामुळे ते वर्तुळ राहिलेच नाही, एका बाजूने चावा घेतलेल्या भाकरीसारखे झाले. गेल्या हंगामात, विमानाने उतरल्यानंतर दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत शिकारीस मनाई असल्याने, पहिल्या संध्याकाळी नुसते ऐकत बसावे लागले. तिसऱ्या संध्याकाळी तिच्या बोलावण्याला उत्तर देत एक रुंद शिंगांचा नर दलदलीपलीकडे आला आणि बराच वेळ उभा राहिला. तिने कर्णा खाली ठेवला आणि ग्राहकाला बंदूक उतरवायला सांगितले. प्रस्तुत लेखकाने त्या रात्री तंबूत नकाशावर तळ्यापासून त्या नरापर्यंतचे अंतर दोनदा मोजले. ते दोन्ही वेळा चौदाशे मीटर भरले, आणि गुडघा पूर्वीचा असता तर त्याने तिला कर्णा पुन्हा उचलायला लावले असते.