मिसळीच्या ताटातला भूगोल

पालकहो, देशोदेशीच्या चवी चाखायला पासपोर्ट लागत नाही. सुट्टीच्या संध्याकाळी मुलांना घेऊन गंगापूर रोडवर एक चक्कर मारा. मोमो तिबेट-नेपाळकडचे, इडली-डोसा दक्षिणेतला. आणि आपली नाशिकची मिसळ? मटकी आपली, पण पाव पोर्तुगीजांचा, शब्दासकट! रश्श्यातली मिरची आणि टोमॅटो तर मूळचे अमेरिका खंडातले. 1498 साली वास्को द गामा कालिकतला आला, तोवर आपल्याकडे मिरची नव्हतीच. तिखटाला मिरी असायची.

हे सांगायचं कारण वर्गातलं आहे. मधल्या सुट्टीत कुणी सुक्या बोंबलाचा डबा उघडला, की शेजारचा नाक मुरडतो, "ई, हे काय खातोस?" डबेवालं पोर गपचूप झाकण लावतं आणि उपाशी राहतं. अशा वेळी रागावून फारसं काही होत नाही. मी फळ्यावर 'मिसळपाव' लिहितो आणि एकेका जिन्नसाचं मूळ गाव विचारतो. पाव गेला, मिरची गेली, टोमॅटो गेला... मग "सर, आपलं काय उरलं?" असं मुलंच विचारतात.

घरीही करून बघा. दुसऱ्याच्या डब्याला नावं ठेवण्याआधी मुलांना आपल्या ताटातली गावं मोजू द्या.