दहा मीटरवरचा वारा

वाऱ्याला आकडा असतो हे मला प्रथम बंदरावर कळलं. मिरगाच्या तोंडावर रत्नागिरीत ‘तीन नंबरचा बावटा लागला’ असं कुणीतरी सांगत येई आणि होड्या वर ओढल्या जात. तो आकडा धोक्याचा होता, वेगाचा नव्हे. वेगाची गाठ पडली ती पुण्यात, शिवाजीनगरच्या वेधशाळेत. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून तिथे आलं, म्हणून जुने पुणेकर त्या इमारतीला अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. कॉलेजच्या भेटीत मी तिथे खांबावर गरगरणाऱ्या वाट्या पाहिल्या.

त्या वाट्या मूळच्या आयर्लंडच्या. आर्मा वेधशाळेच्या थॉमस रॉमनी रॉबिन्सनने १८४६ मध्ये आडव्या दांड्यांवर चार अर्धगोल बसवले. वारा खोलगट बाजूला जोरात रेटतो, फुगीर बाजूवरून निसटतो. या फरकावर ते फिरतात. वाटी लहान असो की मोठी, ती वाऱ्याच्या एक तृतीयांश वेगानेच फिरते, असं रॉबिन्सनने ठरवलं. पुढची कित्येक वर्षं निरीक्षक फेऱ्यांवरून काढलेल्या वेगाला तीनने गुणत राहिले. नंतर कळलं, की तो गुणक वाटीच्या आकारावर आणि दांड्याच्या लांबीवर अवलंबून असतो. १९२६ मध्ये कॅनडाच्या जॉन पॅटरसनने एक वाटी कमी केली. तीन वाट्यांचं यंत्र झोताला लवकर दाद देतं. पुण्यात मी पाहिल्या त्या तीनच.

लग्नानंतर नॉटिंगहॅमला आले. इथे स्नेंटनच्या टेकडीवर १८०७ मध्ये बांधलेली पवनचक्की आहे. जॉर्ज ग्रीन हा गिरणीवाला तिथे पीठ दळायचा आणि उरलेल्या वेळात गणित करायचा. १८२८ मध्ये त्याने वीज आणि चुंबकत्वावर लिहिलेला निबंध आज जगभरचे भौतिकशास्त्रज्ञ वापरतात. पण दळण चालू ठेवायचं की पाती आवरायची, हे ठरवायला गिरणीवाल्याला गणित लागत नसे. पात्यांचा वेग नि जात्याचा आवाज पुरे होता.

आकड्याची खरी निकड जमिनीखाली होती. या परगण्यात कोळशाच्या खाणी होत्या. शेवटची, थोर्सबीची, २०१५ मध्ये बंद झाली. खाणीत वारा माणसालाच खेळवावा लागतो. तो मंदावला की ज्वालाग्राही वायू साचतो. १८४० च्या दशकात बेंजामिन बिरम या खाण-व्यवस्थापकाने हातात धरण्याजोगं, पात्यांचं छोटं चक्र असलेलं यंत्र काढलं. शेजारच्या डर्बीत जॉन डेव्हिसचा कारखाना ती यंत्रं बनवत असे. खाणीत ना झाड, ना धूर, ना ढग. तबकडीवरचा काटाच काय तो खरा.

त्याच डर्बीत १८७८ मध्ये जॉर्ज सिम्पसन जन्मला. हा माणूस मला फार जवळचा वाटतो. ॲडमिरल बोफर्टने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांसाठी वाऱ्याची शून्य ते बारा अशी प्रतवारी केली होती. तिचा आधार होता शिडं. जमिनीवर शिडं कुठली? सिम्पसनने १९०६ मध्ये तिला जमिनीवरच्या खुणा जोडल्या. तीनला पानं नि डहाळ्या सतत हलतात. सहाला मोठ्या फांद्या हलतात, तारा शीळ घालतात आणि छत्री सांभाळणं अवघड जातं. त्याच वर्षी तो हिंदुस्थानच्या हवामान खात्यात रुजू झाला, सिमल्याला. पुण्यातल्या ‘सिमला ऑफिस’चं ते आधीचं घर.

नॉटिंगहॅमचा अधिकृत वारा आज शहराबाहेर वॉटनॉलच्या केंद्रात मोजतात. आंतरराष्ट्रीय शिफारस अशी: मोकळी जागा, जमिनीपासून दहा मीटर उंची, दहा मिनिटांची सरासरी. इमारतींच्या आडोशाचा वारा चालत नाही, गल्लीत कोंडून चवताळलेलाही नाही. म्हणजे नोंदवला जाणारा वारा कुणाच्याच अंगावरचा नसतो. प्रथम हे मला विचित्र वाटलं. मग लक्षात आलं, की म्हणूनच तो कुठल्याही गावच्या वाऱ्याशेजारी मांडता येतो. आकडा दूरच्या माणसासाठी असतो; वाऱ्यात उभं असलेल्याला खुणा पुरतात.

मी आता दूरची. फोनवर रत्नागिरीचा वारा ताशी चाळीस किलोमीटर दिसला, की आईला फोन लावते. आकडा सांगत नाही, विचारते, “आई, झावळ्या पडतायत का गं?”

“झावळ्या नाही, पण पागोळ्यांचं पाणी पार पडवीत येतंय.”

सिम्पसनच्या कोष्टकात ही खूण नाही. मी ती सहाच्या घरात लिहून ठेवली आहे.