चौकट क्रमांक २७

लष्करातून मुक्त होणाऱ्या अमेरिकन सैनिकाच्या हाती १९५० पासून एक ठरावीक नमुन्याचा कागद पडत आला आहे. 'डीडी २१४' हे त्याचे नाव. माणूस केव्हा भरती झाला, कोठे होता, केव्हा सुटला, हे सारे त्यात चौकटी आखून लिहिलेले असते. कोरियन युद्धाच्या काळच्या नमुन्यात सत्ताविसावी चौकट पदके व सन्मानचिन्हे यांची. आमच्या शेजारच्या आजोबांच्या कागदावर या चौकटीत दोनच पदके होती, आणि शत्रूशी लढताना झालेल्या जखमांसाठी जी निराळी चौकट असते तिच्यात एकच शब्द टंकलेला होता : 'नाही'. आजोबांच्या डाव्या मांडीत मात्र तोफगोळ्याचे दोन तुकडे अखेरपर्यंत होते. थंडी पडू लागली की ते आपली नोंद करीत.

'आजोबा' हे आमचे आपसातले नाव. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारण्याची अमेरिकन रीत आम्हां दोघांच्या जिभेवर कधी नीट बसली नाही. २००८ साली त्यांची पत्नी गेली. तिच्या दफनाच्या वेळी आपल्याही दगडाची चौकशी त्यांनी करून ठेवली, तेव्हा त्यांना कळले की सरकारकडून मिळणाऱ्या थडग्याच्या दगडावर पदकाचे नाव कोरून हवे असेल तर ते मिळाल्याचा कागद दाखवावा लागतो. २००९ च्या वसंतात ते तो जीर्ण डीडी २१४ घेऊन आमच्याकडे आले. पदकाची त्यांना हौस नव्हती. दगडावर 'पर्पल हार्ट' हे दोन शब्द हवे होते, एवढेच.

आमच्याकडेच का, याला दोन कारणे होती. पहिले व्यावहारिक. परदेशी येऊन स्थायिक झालेल्या माणसाइतके सरकारी अर्ज कोणी भरलेले नसतात. आपण आहोत आणि कायदेशीरपणे आहोत हे सिद्ध करण्यात आमची उमेदीची दहा वर्षे गेली होती, आणि हे आजोबांनी कुंपणापलीकडून पाहिले होते. दुसरे कारण त्यांनी ओळखीच्या पहिल्याच दिवशी सांगितले होते. त्यांच्या मांडीवर पहिली पट्टी बांधली ती एका हिंदी लष्करी डॉक्टरने.

ही थाप नव्हे, हे आम्हांला पुढे वाचून कळले. कोरियात भारताने लढाऊ फौज पाठवली नाही. पाठवले ते ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे वैद्यकीय पथक. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली ते नोव्हेंबर १९५० मध्ये कोरियात उतरले. डिसेंबरात प्योंगयांगहून माघार सुरू झाली तेव्हा सामान टाकून निघा असा हुकूम असताना या लोकांनी एक वाफेचे इंजिन हुडकले, स्वतःच ते पेटवले, आणि शस्त्रक्रियेच्या साहित्यासह नदीपार आले. (ही हकीकत शाळेच्या एकाही पुस्तकात आम्हांला भेटली नाही.) २३ मार्च १९५१ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, अमेरिकेच्या १८७ व्या हवाई रेजिमेंटने मुन्सान-नी येथे छत्र्यांनी उड्या घेतल्या. 'ऑपरेशन टॉमहॉक' हे त्या मोहिमेचे नाव. त्यांच्याबरोबर या हिंदी पथकातील बाराजणांनीही उड्या घेतल्या आणि उतरल्या जागी जखमी हाताळायला सुरुवात केली. रंगराज यांना पुढे महावीरचक्र मिळाले. आजोबा १८७ व्या रेजिमेंटचे. वय एकोणीस.

आता पर्पल हार्टविषयी. इतर शौर्यपदकांसाठी कोणीतरी वरिष्ठाने शिफारस करावी लागते. याला शिफारस लागत नाही. शत्रूच्या कृतीमुळे जखम झाली, वैद्यकीय उपचार झाले, आणि त्या उपचाराची अधिकृत नोंद झाली, की सैनिक त्याचा हक्कदार होतो. वॉशिंग्टनने १७८२ मध्ये सुरू केलेल्या एका चिन्हाचा हा १९३२ मधला नवा अवतार. जपानवर स्वारी करावी लागेल म्हणून दुसऱ्या महायुद्धात ही पदके इतकी घडवून ठेवली होती, की स्वारी न होता युद्ध संपल्यावर जवळजवळ पाच लाख उरली आणि कोरिया व व्हिएतनामपर्यंत पुरली. म्हणजे पदकांचा तुटवडा कधीच नव्हता. अडते ते तिसऱ्या अटीशी. जखम पुरेशी नाही, उपचारही पुरेसा नाही. ती लिहिली गेली पाहिजे. १८५२ च्या इनाम कायद्यानंतर दक्षिणेत ज्यांच्या घरची सनद वाळवीने खाल्ली होती त्यांचे काय झाले, हे ज्यांनी वाचले आहे त्यांना हा न्याय परका वाटणार नाही. पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन पुरावा ठरत नव्हती. मांडीतले लोखंड तरी कसे ठरावे?

जेथे लिहिलेले असायचे ते कागद जळाले होते. १२ जुलै १९७३ रोजी मध्यरात्रीनंतर सेंट लुईसजवळच्या ओव्हरलँड येथे सैनिकांच्या धारिका ठेवलेल्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर आग लागली. कागदाने भरलेल्या त्या प्रचंड मजल्यावर पाण्याचे फवारे बसवलेले नव्हते. आग पुरती विझायला चार दिवस लागले. एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख धारिका गेल्या : नोव्हेंबर १९१२ ते जानेवारी १९६० या काळात भूदलातून सुटलेल्यांच्या शंभरातील ऐंशी, आणि १९६४ च्या आरंभापर्यंत हवाई दलातून सुटलेल्यांपैकी 'एच' अक्षराच्या मध्यापासून पुढे येणाऱ्या आडनावांच्या शंभरातील पंचाहत्तर. दुसऱ्या प्रती नव्हत्या, सूक्ष्मपटावर काही उतरवलेले नव्हते, काय काय होते याची यादीही नव्हती. जे वाचले ते बंबांच्या पाण्याने भिजलेले, आणि जुलैच्या उकाड्यात बुरशी धरू लागलेले. ते दुधाच्या क्रेटमध्ये भरून विमानांच्या कारखान्यातील निर्वात कक्षात वाळवले गेले. कडा जळालेली ती पाने आजही हातमोजे घालून हाताळली जातात. आजोबांची धारिका त्यांत नव्हती. तसे कळवणारे पत्र आम्हांला आले, सौजन्यपूर्ण आणि छापील.

तरी त्या पत्राबरोबर काही मिळालेही. सत्ताविसाव्या चौकटीत जी पदके नव्हती त्यांपैकी दोन अशी होती की कागद टंकणाऱ्याला ती लिहिताच आली नसती. आजोबा १९५२ च्या अखेरीस सुटले. राष्ट्रीय संरक्षण सेवापदक निर्माण झाले एप्रिल १९५३ मध्ये, आणि ते जून १९५० पासूनच्या सेवेला लागू केले. दक्षिण कोरियाने आपले युद्धपदक १९५१ मध्येच देऊ केले होते, पण अमेरिकन सरकारने ते आपल्या सैनिकांना स्वीकारू दिले १९९९ मध्ये! अट्ठेचाळीस वर्षे. तोवर किती छात्या ते लावायला उरल्या असतील? ही दोन्ही पदके दुरुस्तीच्या पुरवणी कागदावर, म्हणजे डीडी २१५ वर, विनासायास चढली. जे आजोबांनी मागितले नव्हते ते आधी मिळाले. त्यांनी तो कागद पाहिला आणि फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवला, वाणसामानाच्या यादीशेजारी.

पर्पल हार्टसाठी लष्करी नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाकडे अर्ज करावा लागणार होता. अशी मंडळे १९४६ च्या एका कायद्यातून निघाली. त्यापूर्वी एकेका सैनिकाच्या दुरुस्तीसाठी संसदेत स्वतंत्र विधेयक आणावे लागे. मंडळाचे सभासद मुलकी असतात. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा असा नियम आहे, आणि न्यायाच्या हितासाठी हा विलंब माफ करण्याची मुभाही. मंडळाचे निकाल नावे गाळून प्रसिद्ध होतात. त्या हिवाळ्यात आम्ही ते शेकड्यांनी वाचले. सुरुवातीला कामासाठी, नंतर केवळ सुटवत नाही म्हणून. प्रत्येकाची ठेवण एकच : अर्जदार काय मागतो, काय म्हणतो, काय जोडतो, मग नोंदी काय सांगतात, मग निर्णय. कथा म्हणून पाहिले तर पहिल्या तीन परिच्छेदांत एक माणूस असतो आणि चौथ्यापासून त्याचे कागद बोलू लागतात. बहुतेकदा ते एकमेकांना ओळखत नाहीत. कोणी सांगतो की मी इस्पितळात असताना तुकडी पुढे निघून गेली. कोणी सांगतो की शेजारी मित्र मरून पडला असता खरचटल्यासाठी पदक मागायची लाज वाटली. ही लाज आम्हांला वारंवार भेटली. आजोबांचेही तेच कारण होते. त्यांनी ते एकदाच सांगितले आणि आम्ही पुन्हा विचारले नाही.

पुरावा दोन ठिकाणी सापडला. १९८८ मध्ये भूदलाच्या शल्यप्रमुखाच्या कचेरीने केलेल्या काही संगणकीय फिती अभिलेखागाराच्या हाती आल्या. त्यांत १९४२ ते १९४५ आणि १९५० ते १९५४ या काळात इस्पितळात दाखल झालेल्या सैनिकांच्या नोंदी आहेत. त्या मुळात आकडेवारीसाठी केलेल्या, म्हणून नावे नाहीत. आहे तो फक्त सैनिकाचा क्रमांक. आजोबांना पत्नीच्या वाढदिवसाची तारीख आठवावी लागे, पण आठ आकडी क्रमांक ते झोपेतही म्हणाले असते. तो क्रमांक निघाला : मांडी, धातूचा तुकडा, लढाईत. दुसरी नोंद कोरियन युद्धातील हताहतांच्या यादीत, जिच्यात भूदलाच्या मृत आणि जखमी मिळून एक लाखाहून अधिक ओळी आहेत. त्यांतली एक ओळ त्यांची.

'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण आम्ही त्यांना समजावून सांगितली. ते म्हणाले, "सहाच?" निकाल यायला १९ महिने लागले. मागणी मान्य झाली होती.

पण दोन्ही नोंदींत तारीख होती २४ मार्च, आणि नव्या डीडी २१५ वर तीच उतरली. आजोबा ठामपणे सांगत की जखम २३ ची. उडी घेतली त्याच दिवशीची, दुपारची. आमचा तर्क असा, की २३ ला त्यांना हिंदी डॉक्टरांनी हाताळले, आणि दुसऱ्या दिवशी मागे आणल्यावर अमेरिकन इस्पितळात त्यांचे नाव लागले. कागदाचे घड्याळ तेथून सुरू झाले. म्हणजे आमच्या एका देशबांधवाने त्यांच्या मांडीतून वाहणारे रक्त थांबवले तो दिवस त्यात नाहीच. आम्ही पुन्हा अर्ज करायचे म्हटले. त्या पथकाच्या मुन्सान-नीच्या कामाचे पुरावे छापील इतिहासांत आहेत, रेजिमेंटमधले दोन सोबती अजून हयात होते, ते प्रतिज्ञापत्रे देतील. आमचा आग्रह निर्व्याज नव्हता, हे त्यांना कळत असावे.

आजोबांनी कागद चष्म्यापासून लांब धरून वाचला. "दगडावर तारीख घालतात का?" त्यांनी विचारले. घालत नाहीत, जन्माची आणि मृत्यूची तेवढी. मग राहू द्या, म्हणाले.

ते २०१४ च्या डिसेंबरात गेले. दगड पुढच्या मार्चमध्ये बसला. पांढरा संगमरवर, त्यावर नाव, दल, युद्ध, दोन तारखा, आणि खाली ते दोन शब्द. मागच्या बाजूला त्यांच्या पत्नीचे नाव आहे.